आहारतज्ज्ञांची इंटर्नशिप

प्रश्न : एम.एस्सी. डाएटेटिक्स झाले आहे. नोंदणीकृत आहारतज्ज्ञ व्हायचे आहे. इंटर्नशिपमध्ये नेमके काय शिकून घ्यावे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : इंडियन डाएटेटिक असोसिएशनच्या 'आर.डी.' (रजिस्टर्ड डाएटिशियन, म्हणजेच नोंदणीकृत आहारतज्ज्ञ) परीक्षेआधी तुम्हाला रुग्णालयात 6 महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. रुजू होण्याआधीच विचारा : मार्गदर्शक स्वतः आर.डी. आहेत का? आणि वॉर्डात किती दिवस, किचनमध्ये किती? नुसते ट्रे मोजण्यात महिने गेले, तर रुग्ण हाताळायला शिकणार कधी?

सगळ्यात जास्त चुका आहाराच्या नोंदीत होतात. 'एक वाटी वरण' लिहून भागत नाही. कुणाची वाटी 100 मिलीची, कुणाची 200ची. वाटी दाखवूनच विचारा. तेल तर कुणीच नीट सांगत नाही. तेव्हा महिन्याचे विचारा : चौघांत 3 लिटर, म्हणजे माणशी रोज 25 मिली, साधारण 200 कॅलरी!

डायलिसिसच्या रुग्णाला प्रथिने साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम लागतात. हिशेब सूज उतरल्यानंतरच्या वजनावर, म्हणजे 'ड्राय वेट'वर करा. डायलिसिस सुरू नसताना दिलेला कमी प्रथिनांचा तक्ता डायलिसिस सुरू झाल्यावरही तसाच पुढे चालू राहतो आणि रुग्ण खंगत जातो. ही चूक फार महागात पडते, म्हणून दर वेळी फाइल उघडून बघाच.

नळीतून आहार देण्याआधी आणि नंतर पाणी सोडले जाते का, तेही पाहा. नाहीतर नळी तुंबते.

लॉगबुकवर सही त्याच दिवशी घ्या.