बारूक की रटगर्स-न्यूअर्क: फायनान्ससाठी ट्रान्सफर घेताना

एसवायबीकॉम संपवून फायनान्सच्या पदवीसाठी न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजला जावं की न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठाच्या न्यूअर्क कॅम्पसला, हा तुमचा प्रश्न. तुमच्या बीकॉमची रटगर्स 60 क्रेडिट धरतंय, बारूक 36, म्हणून तुमचा कल रटगर्सकडे आहे. पण नुसत्या या आकड्यावर जाऊ नका. धरलेली क्रेडिट कुठे बसवलीत ते बघा.

पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात. बीकॉमचे बरेच विषय 'फ्री इलेक्टिव्ह', म्हणजे ऐच्छिक विषय, म्हणून जमा होतात. बेरजेत ते दिसतात, पण मेजरला, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयाला, त्यांचा काडीचा उपयोग नसतो. फायनान्समध्ये विषयांची साखळी असते: आधी कॅल्क्युलस, स्टॅटिस्टिक्स, अकाउंटिंग, मायक्रो-मॅक्रो इकॉनॉमिक्स, मग प्रिन्सिपल्स ऑफ फायनान्स, त्यानंतर कॉर्पोरेट फायनान्स, इन्व्हेस्टमेंट्स आणि वरचे विषय. एक विषय राहिला की पुढचा सेमिस्टरभर थांबतो. बारावीनंतर गणित सुटलं असेल, तर बहुतेक कॅल्क्युलसपाशीच अडाल.

म्हणून दोन्हीकडच्या ट्रान्सफर अ‍ॅडव्हायझरला विचारा: मला प्रिन्सिपल्स ऑफ फायनान्स कितव्या सेमिस्टरला घेता येईल? उत्तर ईमेलवर घ्या. अकाउंटन्सी इलेक्टिव्हमध्ये टाकली असेल तर घटक, पुस्तकं, तासिका यांसकट सिलॅबस पाठवून फेरविचार मागा. बारूकला प्रवेश मिळाला म्हणजे तिथल्या झिकलिन या बिझनेस स्कूलमधला फायनान्स मेजरही मिळाला, असं गृहीत धरू नका. तेही विचारून घ्या.

आता भरतीचं वेळापत्रक, कारण इथे हिशेब उलटतो. मोठ्या इन्व्हेस्टमेंट बँका समर इंटर्न निवडतात ते वर्षभर आधी, मुलं सोफोमोर, म्हणजे चारपैकी दुसऱ्या वर्षाला, असतानाच. 60 क्रेडिट घेऊन ज्युनिअर, म्हणजे थेट तिसऱ्या वर्षाला, म्हणून आलात, तर ती भरती तुम्ही विमानात बसण्याआधीच बरीचशी उरकलेली असते. 36 क्रेडिटवर तुम्ही सोफोमोर ठरता, म्हणजे कमी क्रेडिट पथ्यावर पडू शकतात. त्याची किंमत अर्थातच आहे. बारूकची परराज्यातल्या आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फी गेली काही वर्षं क्रेडिटला 620 डॉलर आहे, म्हणजे जादा 24 क्रेडिटचे 14,880 डॉलर, शिवाय आणखी एका वर्षाचं घरभाडं आणि खाणं. कंपन्यांच्या फायनान्स विभागात किंवा अकाउंटिंगकडे जायचं असेल, तर तिथली भरती इतकी लवकर होत नाही. मग ज्युनिअर म्हणून येण्यात फारसं बिघडत नाही.

कुठेही जा, पण ऑगस्टचाच प्रवेश घ्या. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सीपीटी, म्हणजे शिकतानाच्या इंटर्नशिपची परवानगी, साधारणतः एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावरच मिळते. ऑगस्टला आलात तर मेमध्ये वर्ष भरतं आणि उन्हाळा मोकळा मिळतो. जानेवारीत आलात तर पहिला उन्हाळा हातचा जातो. ट्रान्सफरवाल्यांना पदवीआधी मुळात उन्हाळे एक-दोनच मिळतात.

जुने मार्क सहसा नव्या जीपीएत, म्हणजे ग्रेडच्या सरासरीत, धरत नाहीत. पाटी कोरी असते. पहिल्या सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट लागतातच, पण 18 चा हव्यास धरू नका. पुढच्या इंटर्नशिपच्या अर्जावर त्या चार-पाच विषयांचाच जीपीए दिसणार.

आय-20 वरचा, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या फॉर्मवरचा, सीआयपी कोडही तपासा; तो अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक असतो. साध्या फायनान्सचा 52.0801 हा कोड स्टेमच्या (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत नाही, त्यामुळे ओपीटी, म्हणजे पदवीनंतर काम करण्याची परवानगी, 12 महिन्यांची. फायनान्शियल मॅथेमॅटिक्स (27.0305) आणि फायनान्शियल अ‍ॅनालिटिक्स (30.7104) यादीत आहेत, त्यांना आणखी 24 महिने मिळू शकतात. कोर्सच्या नावावरून अंदाज बांधू नका, कोडच विचारा.

जागेच्या बाबतीत फार फरक नाही. बारूक मॅनहॅटनमध्येच आहे, आणि न्यूअर्क पेन स्टेशनहून पाथ ट्रेन साधारण 25 मिनिटांत वर्ल्ड ट्रेड सेंटरला पोचवते. बारूक मात्र घरून येजा करणाऱ्यांचं कॉलेज आहे; राहण्याची सोय स्वतःच बघावी लागेल, असं धरून चाला.

बँकिंगच करायचं असेल आणि तिसऱ्या वर्षाचा खर्च झेपत असेल, तर माझं मत बारूक. नाहीतर रटगर्स, पण त्या 60 पैकी किमान अकाउंटिंग, इकॉनॉमिक्स आणि स्टॅटिस्टिक्स मेजरमध्ये धरले असतील तरच. कोणते विषय मेजरमध्ये धरलेत ही यादी हातात येईपर्यंत कुठेच डिपॉझिट भरू नका.