फटीतून फक्त हात दिसला, ती साक्ष चालली का?

प्रश्न: मला जुन्या इंग्लंडमधल्या खटल्यांबद्दल वाचायची आवड आहे. 18व्या शतकात ना फिंगरप्रिंट ना फॉरेन्सिक लॅब, मग खुनाच्या केसमधे सगळं साक्षीदाराच्या तोंडावरच चालायचं का? आणि त्यानं अर्धवटच बघितलं असेल तर?
– एक वाचक, सांगली

उत्तर: हो, बहुतेक वेळा साक्षीदारावरच यायचं सगळं. अर्धवट बघितलेल्याचं काय व्हायचं ते कळायला ब्रिस्टॉलची 1741 ची केस बघा. सॅम्युएल गुडिअर हा रूबी नावाच्या युद्धनौकेचा कॅप्टन, आणि त्याचा सख्खा भाऊ सर जॉन डाइनली गुडिअर, दोघांचं इस्टेटीवरून वाकडं. जानेवारीत वकिलाच्या घरी समेटाची बोलणी झाली आणि त्याच दिवशी तिथून बाहेर पडताच कॅप्टनच्या माणसांनी सर जॉनला भर रस्त्यातून उचललं, होडीत घालून जहाजावर नेलं, तो बिचारा ओरडतोय आणि कॅप्टन लोकांना सांगतोय की भाऊ वेडा झालाय.

रात्री त्याला एका केबिनमधे कोंडलं. शेजारीच फळीपलीकडे जहाजावरचा पिंपं बनवणारा कारागीर चार्ल्स जोन्स आणि त्याची बायको झोपलेले. आवाजानं जाग आली, 20 गिनी (तेव्हाची सोन्याची नाणी) घ्या पण जीव वाचवा अशी विनवणी कानावर पडली. जोन्सनं फटीतून बघितलं तर दोन खलाशी गळा आवळतायत, आणि मग गळ्यावर एक तिसरा हात आला. कोर्टात त्याला विचारलं, तिसऱ्याचा हात कशावरून? तर म्हणाला, साध्या खलाशाच्या हातापेक्षा तो गोरा होता!

मला ही साक्ष इतकी खरी का वाटते सांगू? आपल्याच कॅप्टनविरुद्ध उभा राहिलेला हा कामगार माणूस, पण "मी कॅप्टनला बघितलं" असं एकदाही म्हणाला नाही, हात दिसला तर हातच सांगितला. पुढचं इतरांच्या साक्षींनी जोडलं. बायकोनं काय ऐकलं ते तिनं सांगितलं, आणि दारावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं की कॅप्टननं त्याची तलवार स्वतःकडे घेतली आणि त्याला वर डेकवर पाठवलं. म्हणजे अर्धवट बघितलं तरी चालायचं, फक्त जेवढं बघितलं तेवढंच सांगायचं आणि बाकीच्यांचं त्याच्याशी जुळायला हवं.

पण आरोपीची बाजू तेव्हा फार लंगडी होती हेही लक्षात घ्या, त्याला स्वतःला शपथेवर साक्ष देता यायची नाही (तो हक्क सरसकट मिळाला 1898 मधे) आणि अशा गंभीर गुन्ह्यात त्याच्या वकिलाला ज्युरीसमोर भाषण करायची मुभा मिळाली थेट 1836 मधे. त्यामुळे साक्षीदार खोटं बोलला तर निर्दोष माणूसही लटकला असता, हे वाचताना माझ्या तर अंगावर काटा येतो.

कॅप्टन आणि गळा आवळणारे मॅहोनी, व्हाइट हे दोन खलाशी, तिघांनाही 15 एप्रिल 1741 ला ब्रिस्टॉलमधेच फाशी दिली.