प्रेक्षागृहातले जंगल : किती आणि कुठे?

प्रश्न : आम्ही सुमारे दीडशे आसनांच्या चित्रपटगृहाचे नूतनीकरण करत आहोत. निसर्गाची कल्पना घेऊन डिझायनरने बाजूच्या भिंतींवर जिवंत वेली, पडद्याभोवती हिरवे एलईडी दिवे, घुमटाकार छतावर तारे आणि प्रवेशाजवळ छोटा धबधबा असा आराखडा दिला आहे. यातले काय ठेवावे आणि काय गाळावे?

उत्तर : आराखड्याच्या चित्रात सगळे दिवे लावलेले असतात, म्हणून ते मोहक दिसते, प्रेक्षक मात्र त्या दालनात दोन-अडीच तास अंधारात बसणार आहे. त्यामुळे पाने, पाणी आणि हिरवा रंग लॉबीत ठेवावा आणि प्रेक्षागृहात निसर्गाचा खडबडीतपणा आणि काळोख तेवढा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेलींना रोज कित्येक तास उजेड लागतो आणि त्यांच्या पाण्याची ओल गालिच्यात आणि भिंतीच्या कापडात मुरते. प्लॅस्टिकची पाने लावली, तर पडद्याच्या उजेडात ती चकाकतात. शिवाय ती पेट घेण्याचा धोका असतोच.

हिरव्या दिव्यांबद्दल मी अधिक आग्रही आहे. डिजिटल प्रक्षेपणात पडद्यावरच्या शुभ्र रंगाची प्रमाणित उजळता प्रति चौरस मीटर 48 कॅन्डेला, म्हणजे मोबाइलच्या पडद्यापेक्षाही पुष्कळ कमी असते. इतक्या मंद चित्रावर बाहेरचा थोडा उजेड पडला, तरी काळा रंग राखाडी दिसू लागतो. रंगीत भिंतीही हेच करतात, कारण पडद्याचा उजेड त्यांच्यावर आपटून त्यांच्या रंगाची झाक घेऊन पडद्यावर परततो. म्हणून पडद्यालगतच्या भिंती गडद, बिनचमकीच्या आणि कोळशाच्या रंगाकडे झुकणाऱ्या असाव्यात; शेवाळी किंवा मातकट छटा मागच्या रांगांकडे चालतील.

ताऱ्यांचे छत ही जुनी हौस आहे. जॉन एबरसन या वास्तुविशारदाने 1923 साली ह्यूस्टनच्या मॅजेस्टिक थिएटरमध्ये रात्रीच्या आकाशाचा आभास देणारे छत केले, पण तो काळ मूकपटांचा होता. आज घुमटाची अडचण अशी की अंतर्वक्र पृष्ठभाग आवाज एका जागी गोळा करतो आणि काही आसनांवर संवाद विचित्र ऐकू येतात. छत सपाट आणि ध्वनिशोषक ठेवून त्यात ऑप्टिकल फायबरचे तारे बसवावेत. चित्रपट सुरू होताच ते पूर्ण विझवता यायला हवेत.

निसर्गाचा खरा उपयोग होतो तो भिंतींवर. खडकांसारखे पुढे आलेले बहिर्वक्र फुगवटे आवाज विखुरतात आणि आतल्या पोकळीत रॉकवूल (दगडाच्या तंतूंची ध्वनिशोषक लोकर) भरता येते. पोकळी किती खोल आहे हे महत्त्वाचे आहे : 100 हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे 3.4 मीटर, म्हणजे तिचा चौथा हिस्सा जवळजवळ 86 सेंटिमीटर भरतो, आणि शोषक थर या चौथ्या हिश्शाच्या आसपास खोल असला तर ध्वनी चांगला शोषला जातो, त्यामुळे भिंतीला चिकटवलेला दोन-तीन सेंटिमीटरचा पॅनेल अशा खर्जाला जवळपास अडवतच नाही. फुगवटा मात्र प्लास्टरचा नको, चौकटीवर ताणलेल्या कापडाचा हवा. कापड निवडताना ते ओठांशी धरून फुंकर मारून पाहावी. हवा सहज पलीकडे गेली, तर आवाजही जाईल.

धबधबा लॉबीतच ठेवावा, आणि लॉबी व प्रेक्षागृह यांच्यामध्ये दोन दारे असावीत. त्या दोन दारांमधल्या वाटेवर उजेड टप्प्याटप्प्याने कमी करत नेला, तर डोळे अंधाराला सरावू लागतात आणि दाट झाडीत शिरल्याचा भासही होतो. संपूर्ण आराखड्यात मला सर्वांत आवडेल अशी जागा हीच, आणि तुमच्या डिझायनरने नेमकी तीच कोरी सोडली आहे.

प्रश्न : टिकवलेल्या शेवाळाचे पॅनेल आवाज शोषतात, असे विक्रेता सांगतो. प्रेक्षागृहात ते पुरेसे ठरतील का?

उत्तर : नाही. ग्लिसरीनची प्रक्रिया केलेले हे शेवाळ जिवंत नसते, त्यामुळे त्याला पाणी किंवा उजेड लागत नाही आणि मधल्या व वरच्या पट्टीचा आवाज ते बऱ्यापैकी शोषते. खर्जावर मात्र त्याचा फारसा परिणाम होत नाही. अग्निरोधकतेचे प्रमाणपत्र केवळ शेवाळाचे न घेता पाठीचा फळा आणि गोंद यांसह संपूर्ण पॅनेलचे मागावे. ते हाताच्या टप्प्याबाहेर लावावेत, कारण लोक ते उपटून पाहतात, आणि बाहेर जाण्याच्या दर्शक पाट्यांच्या आसपास तर मुळीच लावू नयेत.