अमेरिकेत घरचे माणूस गेल्यास फ्युनरल होमवाले आपले विधी करू देतात का?

न्यू जर्सीत वडीलधारे माणूस गेल्यास फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधीची सोय करणाऱ्या व्यावसायिक संस्थेत, आपले विधी होतात का आणि खर्च किती येतो, असे आपण विचारले आहे. खर्चाचे म्हणाल तर प्रत्येक बाबीचा वेगळा दर छापलेले पत्रक देणे 1984 पासून त्यांना केंद्रीय नियमाने बंधनकारक आहे. ते हाती घेतल्याशिवाय पुढचे बोलू नये.

आमचे मामंजी गेले तेव्हा तेथील व्यवस्थापकाने एम्बाल्मिंग, म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात रसायने भरणे, कायद्यानेच सक्तीचे असल्याचे ठणकावून सांगितले आणि मोठ्या भाऊजींनी, चारचौघांत कमीपणा नको म्हणून, चकचकीत लाकडी शवपेटीसह सगळे मान्य केले. अशी खोटी सक्ती सांगण्यास तोच नियम मनाई करतो आणि दहनाला पुठ्ठ्याची साधी पेटीही चालते, हे मी तेव्हाच म्हटले होते. पण सुनेचे ऐकतो कोण!

माझी आई गेली तेव्हा निर्णय आम्हा भावंडांचा होता. दुसऱ्या फ्युनरल होममधील बाईंनी आम्हा बहिणींना तिला स्नान घालू दिले, कोमट पाणी स्वतः आणून ठेवले आणि नऊवारी नेसवताना देह कुशीवर वळवून धरला. पाटल्या निघेनात तेव्हा साबण लावून त्यांनी त्या अलगद उतरवल्या, पाकिटात घालून आमच्या स्वाधीन केल्या आणि पोच म्हणून सही घेतली. पेसमेकर भट्टीत फुटतो, म्हणून तोही आधीच काढला. तुळशीपत्र आणि गंगाजल चालले. निरांजन मात्र आगीच्या भीतीने लावू दिले नाही. भट्टीचे बटण भावाने दाबले.

दहनानंतर येथे अस्थी यंत्रात दळून त्यांची पूड करतात, हे आपल्या लोकांना बहुधा कलश हाती आल्यावरच कळते. नाशिकला विसर्जनासाठी त्या तशाच हव्या असतील, तर आधी लेखी सांगून ठेवावे; काही ठिकाणी ऐकतात. विमानात धातूचा कलश नेऊ नये, कारण एक्स-रेमध्ये आतले दिसत नाही.

आईचे आम्ही स्वस्तात उरकले, असे भाऊजी अजूनही चारचौघांत सुनावतात. ज्या पेटीचा त्यांना एवढा अभिमान आहे, ती दुसऱ्याच दिवशी मामंजींबरोबर भट्टीत गेली, आणि त्यांना स्नान कोणी घातले हे घरातील एकालाही सांगता येणार नाही. देह भारतात पाठवायचा असेल तर मात्र एम्बाल्मिंगचा दाखला लागतो, एवढे भाऊजींच्या बाजूने म्हणता येईल; पण मामंजींचे दहन येथेच व्हायचे होते.