एक्स्टेन्शनला किती अधिकार द्यावेत?

प्रश्न : आमच्या सनदी लेखापाल कार्यालयात पीडीएफ जोडणे, स्क्रीनशॉट घेणे, इंग्रजी मजकूर तपासणे अशा कामांसाठी प्रत्येकाने क्रोममध्ये आपापल्या सोयीने एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडली जाणारी छोटी पूरक सॉफ्टवेअर) घेतली आहेत. सर्व अधिकृत स्टोअरमधलीच आहेत आणि अँटिव्हायरसही चालू असतो. तरीही धोका संभवतो का? सरसकट बंदी घातल्यास कर्मचारी नाराज होतील, अशी भीती वाटते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : धोका संभवतो, आणि तुमच्या व्यवसायात तो अधिक आहे, कारण अशिलांची जीएसटी, आयकर आणि बँकेची खाती दिवसभर त्याच ब्राउझरमध्ये उघडी असतात. ‘सर्व वेबसाइटवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’ अशी जी परवानगी एक्स्टेन्शन मागते, तिचा अर्थ शब्दशः घ्यावा. असे एक्स्टेन्शन पानावर टंकलेला पासवर्ड वाचू शकते. कुकीजची (तुम्ही लॉगिन केले आहे ही ओळख ब्राउझरमध्ये जपणाऱ्या नोंदींची) परवानगीही असेल, तर लॉगिन झालेले सत्रच उचलू शकते, आणि मग ओटीपीचा अडसर राहत नाही, कारण तो तुम्ही आधीच भरलेला असतो. हे सारे तुम्ही दिलेल्या अधिकारात घडत असल्याने अँटिव्हायरसला त्यात वावगे दिसेलच असे नाही.

स्टोअरने आज तपासलेले एक्स्टेन्शन उद्या कोणाच्या हाती असेल, हे सांगता येत नाही. वापरात नसलेले टॅब थांबवून ठेवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे अतिशय लोकप्रिय एक्स्टेन्शन मूळ निर्मात्याने २०२० मध्ये दुसऱ्याकडे सोपवले, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यात घातक कोड असल्याच्या कारणावरून गूगलने ते हटवले. डिसेंबर २०२४ मध्ये तर माहितीच्या सुरक्षेचाच व्यवसाय करणाऱ्या सायबरहेवन कंपनीतील एक कर्मचारी स्टोअरच्या नावाने आलेल्या बनावट ईमेलला फसला आणि ऐन नाताळात त्यांच्या एक्स्टेन्शनची बिघडवलेली आवृत्ती आपोआप होणाऱ्या अपडेटमधून ग्राहकांपर्यंत गेली. दोन्ही प्रसंगी वापरकर्त्यांनी नवे काहीच केले नव्हते. अपडेटने वाढीव अधिकार मागितले, तर क्रोम एक्स्टेन्शन थांबवून संमती विचारतो. परंतु सर्व वेबसाइट आधीच मोकळ्या करून दिल्या असतील, तर विचारण्याजोगे फारसे उरत नाही.

म्हणून आधी सर्व बंद ठेवून नंतर मोजकी एक्स्टेन्शन उघडावीत. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीतून (कार्यालयातील सर्व संगणकांना एकत्र नियम लावण्याच्या सोयीतून) किंवा गूगलच्या विनामूल्य ‘क्रोम एंटरप्राइज कोअर’मधून ब्लॉकलिस्टमध्ये, म्हणजे बंदीच्या यादीत, केवळ तारांकन (*) टाकले की सर्व एक्स्टेन्शन रोखली जातात, आधी घेतलेलीही निष्क्रिय होतात, मग आवश्यक तेवढी अलाउलिस्टमध्ये, म्हणजे परवानगीच्या यादीत, घालावीत. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही अशीच सोय आहे. फायरफॉक्सची धोरणे मात्र वेगळी लावावी लागतात, आणि ती लावली नाहीत तर मंडळी दोन दिवसांत तिकडे वळतील.

याहून महत्त्वाची, पण सहसा दुर्लक्षित राहणारी सोय म्हणजे मंजूर एक्स्टेन्शनलाही ठरावीक संकेतस्थळांवर मज्जाव करणे. जीएसटी, आयकर आणि बँकांची संकेतस्थळे या मज्जावाच्या यादीत घातली, की एखादे एक्स्टेन्शन पुढे बिघडले तरी त्या पानांवरील मजकूर त्याला वाचता येत नाही.

नाराजीचे म्हणाल, तर बंदीबरोबर पर्यायही द्यावा. स्क्रीनशॉटची सोय विंडोजमध्येच आहे. पीडीएफ जोडण्यासाठी संगणकावर चालणारे सॉफ्टवेअर घ्यावे. अशिलाचा ताळेबंद अनोळखी सर्व्हरवर चढवण्यापेक्षा तो खर्च परवडतो. इंग्रजी तपासणारे एक्स्टेन्शन तर टंकलेले जवळपास सारेच वाचते, तेव्हा ते मला कार्यालयात नकोच वाटते. अगदीच हवे असेल, तर ‘क्लिक केल्यावरच’ चालेल असे ठेवावे.

प्रश्न : संशयास्पद एक्स्टेन्शन काढून टाकले. एवढे पुरेसे आहे का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : नाही. काढल्याने पुढची चोरी थांबते, परंतु आधी चोरीला गेलेली लॉगिन सत्रे चालूच राहू शकतात. दुसऱ्या, स्वच्छ संगणकावरून सर्व खात्यांचे पासवर्ड बदलावेत, ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरावा, आणि ईमेल परस्पर अन्यत्र पाठवण्याचा नियम कोणी लावून ठेवला नाही ना, हे पाहावे. क्रोमचे सिंक (एकाच खात्याच्या सर्व संगणकांवर ब्राउझर सारखा ठेवण्याची सोय) चालू असल्यास तेच एक्स्टेन्शन घरच्या संगणकावरही असण्याची शक्यता आहे. संस्थेच्या माहितीत अनधिकृत शिरकाव झाल्याचे आढळले, तर एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवणे बंधनकारक आहे.