ट्रिगरला तेल पाजू नकोस

भावा, एअर रायफल नवी घेतलीस, छान झालं. पण परवा रेंजवर तू ट्रिगरवर तेलाचा स्प्रे धरलास आणि माझा जीव वरखाली झाला.

मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. आपल्या कोल्हापूरचा पाऊस तुला माहीतच आहे, जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या. तेलात धूळ बसली आणि ऑगस्टपर्यंत आत काळा चिकट थर झाला. आपला ट्रिगर दोन टप्प्यांत दबतो, आधी सैल आणि मग अडतो तो दुसरा टप्पा; त्या दुसऱ्या टप्प्याला बोट टेकलं की ट्रिगर कधी लगेच सुटायचा, कधी घसटत. महिनाभर मी दोष माझ्या श्वासाला देत होतो.

ट्रिगरच्या आत दोन छोटे कंगोरे एकमेकांत अडकलेले असतात. बोटाच्या दाबानं ते सुटतात. मॅच म्हणजे स्पर्धेच्या एअर रायफलच्या ट्रिगरचा दाब शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात, म्हणून तिथं किंचित कचराही बोटाला कळतो.

आधी छर्रा नाही याची खात्री कर, नळी टार्गेटकडेच ठेव. मग हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं हवा मार, मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झाड. बस्स. तेल लावायचंच तर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी, सुईच्या टोकावर मावेल एवढंच. कंगोरे घासायचे नाहीत, ट्रिगरचं युनिट उघडायचं नाही. ते काम कारागिराचं.

ट्रिगर जुळवायचा स्क्रू फिरवण्याआधी त्याची जागा वहीत लिही आणि एका वेळी पाव फेराच फिरव. नंतर छर्रा न भरता ड्राय फायर मोडवर (हवा न सोडता नुसता ट्रिगर चालवायची सोय) वीसेक वेळा दाबून बघ. स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकल्यापासून आपल्याकडं पोरं वाढलीत, पण ही वही फार थोडे ठेवतात.