लिस्बन-पोर्तो झाल्यावर तीन दिवस हातात आहेत, तर एव्होरा गाठा

लिस्बन आणि पोर्तो बघून तीन दिवस उरतात, चौघांपैकी दोघांना मांस-मासे चालत नाहीत पण अंडं चालतं, आणि पर्यटकांसाठी मांडलेलं नाही तर खरं तिथलं जेवण जेवायचंय, असं तुम्ही विचारलंय. मी बेधडक दक्षिण पोर्तुगालच्या अलेंतेजो प्रांतातलं एव्होरा सांगेन. लिस्बनपासून साधारण 130 किलोमीटर, बसने किंवा ट्रेनने दीड तास. ट्रेन दिवसाला मोजक्याच आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधी बघून ठेवा. बस लिस्बनच्या सेते रियोश स्थानकावरून सुटते.

अलेंतेजोचं जेवण पावावर उभं आहे. आपला 'पाव' हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला, पण तिथला पाव आपल्या लादीपावासारखा मऊ नसतो. जाड कवचाचा, आंबवणाने फुगवलेला गव्हाचा मोठा गोळा असतो आणि तो कित्येक दिवस टिकतो. शिळा झाला की त्याचं खरं काम सुरू होतं. त्यातला पहिला मान असोर्दाचा, म्हणजे पाव घातलेल्या पातळ सुपाचा, आणि तुमच्यातल्या दोघांसाठी हाच पदार्थ आहे.

चौघांसाठी कोथिंबिरीची एक मोठी जुडी, लसणाच्या तीन-चार पाकळ्या आणि चमचाभर जाडं मीठ खलबत्त्यात कुटतात. ते वाडग्यात घालून वर चार मोठे चमचे ऑलिव्ह तेल. दुसरीकडे दीड लिटर पाणी उकळून त्यात चार अंडी फोडून सोडतात. पांढरं धरलं आणि बलक ओला राहिला की काढतात. तेच उकळतं पाणी वाडग्यात ओततात आणि शेवटी सुमारे 400 ग्रॅम शिळ्या पावाचे तुकडे. पाव ताजा असेल तर क्षणात लगदा होतो. पाणी कोमट असेल तर लसणाचा कच्चा उग्रपणा जात नाही. आणि पाव घातल्यावर भांडं परत चुलीवर ठेवायचं नाही. चमच्यात पावाचा तुकडा आख्खा आला पाहिजे. लिस्बनला असोर्दा म्हणून जो घट्ट, शिजवलेला प्रकार मिळतो, तो वेगळा. पोर्तुगालमध्ये कोथिंबीर सगळ्यात सढळ हाताने वापरणारा भाग म्हणजे हा दक्षिणेकडचा, त्यामुळे आपल्या जिभेला हे लगेच जवळचं वाटतं.

एक सावधगिरी मात्र घ्या. पुष्कळ ठिकाणी साध्या पाण्याऐवजी सुकवलेला कॉड मासा उकडलेलं पाणी वापरतात, आणि मेन्यूत ते लिहिलेलं असेलच असं नाही. 'सेंय कार्न, सेंय पैश' म्हणजे मांस नको, मासा नको, एवढं सांगून पाण्याबद्दलही विचारा. मीगश हा पावाचाच दुसरा पदार्थ बहुधा डुकराच्या चरबीत परततात. शतावरी घातलेला असला तरी चरबीचं विचारून घ्या. एव्होराचं मेंढीच्या दुधाचं छोटं, खारट चीज मात्र बिनधास्त खा, कारण त्याचं दूध काटेरी फुलाच्या अर्काने फाडतात, जनावराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने नाही.

मांस खाणाऱ्या दोघांनी काळ्या डुकराचे 'सेक्रेतुश' मागवावेत. खांद्यामागचा पातळ, चरबीच्या रेषांनी भरलेला तुकडा, निखाऱ्यावर भाजलेला. ही डुकरं ओकच्या झाडांखाली पडलेली फळं खाऊन पुष्ट होतात, चव त्यातूनच येते. गोव्याचं सोरपोतेल आवडत असेल तर उत्तर अलेंतेजोत, कास्तेलू द व्हीदच्या बाजूला, ईस्टरच्या सुमारास 'सारापातेल' शोधा. नाव तेच, पण कोकराचं किंवा करडाचं आणि गोव्याइतकं तिखट-आंबट नाही.

टेबलावर न मागता पाव, ऑलिव्ह, चीज येतं. ते फुकट नसतं. हात लावला नाही तर बिल लागत नाही. एक 'दोझ', म्हणजे पूर्ण प्लेट, बहुतेक दोघांना पुरते, म्हणून आधी 'मैया दोझ', म्हणजे अर्धी, विचारा. गोडात सिरिकाया घ्या: दालचिनी भुरभुरलेली, वरून तडकलेली अंड्याची खीरवजा मऊ वडी, सोबत एल्व्हासचे पाकातले प्लम. पृष्ठभागावर भेगा नसतील तर ती नीट जमलेली नाही.

बघण्यासारखं गावातच पुष्कळ आहे. पहिल्या शतकातलं रोमन मंदिर बाहेरून केव्हाही दिसतं. साव फ्रान्सिस्कुच्या चर्चमधलं हाडांचं चॅपेल सकाळी लवकर गाठा. दारावर लिहिलंय, 'आम्ही इथली हाडं तुमच्या हाडांची वाट बघतोय'. कॅथेड्रलच्या गच्चीवर चढलात तर मैदान दूरपर्यंत दिसतं. दुसऱ्या दिवशी गाडी भाड्याने घ्या, कारण आल्मेंद्रशच्या प्रागैतिहासिक उभ्या दगडांपर्यंत बस जात नाही आणि शेवटचा रस्ता कच्चा आहे. वाटेत बुचाच्या झाडांच्या सोललेल्या, तांबूस बुंध्यांवर पांढरा आकडा दिसेल. साल कुठल्या वर्षी काढली त्याचा तो शेवटचा आकडा, कारण पुढची साल नऊ वर्षं काढायची नसते. दुपारनंतर मोन्साराझचा किल्ला.

तिसरा दिवस शनिवारी आणता आला तर एश्त्रेमोझचा आठवडी बाजार आणि तिथून एल्व्हासचा भव्य जलसेतू. जुलै-ऑगस्टमध्ये पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर बरा. रविवारी रात्री आणि सोमवारी बऱ्याच चांगल्या खानावळी बंद असतात, त्यामुळे एव्होराचा मुक्काम त्या दिवशी येत असेल तर टेबल आधीच सांगून ठेवा.